कंपायलर प्रोग्राम ‘चालवतो’ कधी?

तुम्ही विचारलंय की सरांनी वहीत ‘कंपायलर म्हणजे भाषांतर करणारा प्रोग्राम’ एवढंच लिहून दिलं, पण तो आपला प्रोग्राम चालवतो कधी? तो चालवतच नाही. दारव्ह्याला पोरांना सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकवताना मला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो, म्हणून आधी हेच सांगतो.

आपल्याकडचा कापूस घ्या. जिनिंगमध्ये सरकी निघते, रुईच्या गाठी बांधतात. गाठी सूतगिरणीत पोचल्या की तिथे जिनिंगचं काही काम नसतं. कंपायलरही तुमची सी फाइल वाचून प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांची वेगळी फाइल तयार करतो, आणि पुढे ती फाइल त्याच्याशिवाय चालते. मात्र विंडोजच्या लॅपटॉपसाठी केलेली फाइल अँड्रॉइड मोबाइलवर तशीच चालणार नाही. प्रोसेसर वेगळा, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. तिथल्यासाठी पुन्हा कंपाइल करावं लागतं.

भाषांतर करण्याआधी तो अक्षरं जोडून शब्द ओळखतो, ते व्याकरणात बसतात का पाहतो, आकड्याच्या जागी आकडाच आलाय का तपासतो. सेमीकोलन पाचव्या ओळीत विसरलात आणि एरर सहाव्या ओळीची आली, असं पुष्कळदा होतं. सीमध्ये ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही, ते सेमीकोलनने (;) संपतं. कंपायलर वाचत पुढे जातो आणि न बसणारा शब्द सहाव्या ओळीत भेटला की थबकतो. वीस एरर दिसल्या तरी घाबरू नका, पहिली दुरुस्त करा. बाकीच्या बऱ्याचदा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

हा नुसता शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार नाही, हे मला फार आवडतं. प्रोग्राममध्ये 24 गुणिले 60 गुणिले 60 लिहा आणि जीसीसी या सीच्या कंपायलरला हायफन व मोठा एस (-S) हा पर्याय देऊन असेंब्ली फाइल, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना माणसाला वाचता येतील अशी फाइल, काढा. त्या फाइलमध्ये गुणाकार सापडणार नाही, थेट 86400 दिसेल. हिशेब कंपायलरने आधीच करून ठेवला. एकदा नक्की करून पाहा, दहा व्याख्या पाठ करण्यापेक्षा जास्त कळेल.

मराठीत याला ‘संकलक’ म्हणतात. भाषांतराशी त्या शब्दाचा काय संबंध, हा प्रश्न मलाही पडायचा. अमेरिकन संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी 1952 मध्ये युनिव्हॅक या संगणकासाठी ए-झिरो हा सुरुवातीचा कंपायलर केला, तो टेपवर साठवलेले तयार सबरूटीन, म्हणजे प्रोग्रामचे छोटे तुकडे, शोधून एकत्र जुळवायचा. संकलनच ते! आज जुळवणीचं ते काम मुख्यतः लिंकर नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. स्क्रीनवर मजकूर दाखवणारं प्रिंटएफ हे फंक्शन तुम्ही लिहिलेलं नसतं, ते लायब्ररीतून, म्हणजे तयार फंक्शनच्या साठ्यातून, जोडलं जातं. म्हणून ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी एरर आली तर ती लिंकरची समजा: व्याकरण बरोबर आहे, पण बोलावलेलं फंक्शन त्याला कुठेच सापडलेलं नाही.