कू खुलिन की कु चुलेन?

प्रश्न असा आहे: केल्टिक पुराणकथा मराठीत आणताना कोणी एका वीराचं नाव ‘कु चुलेन’ लिहितो, कोणी सणाचं ‘समहैन’, कोणी देवाचं ‘लुघ’. ही नावं आयरिश, म्हणजे आयर्लंडच्या केल्टिक भाषेतली. यातलं बरोबर काय?

यातलं एकही नाही, आणि चूक एकाच जागी होते. रोमनमध्ये बी-एच किंवा डी-एच दिसलं की आपला हात आपोआप भ, ध लिहितो, कारण आपण आपली नावं तशीच रोमनमध्ये लिहितो. आयरिशमध्ये या ‘एच’चा महाप्राणाशी संबंध नाही. आधीचं व्यंजन मऊ झालं, एवढंच तो सांगतो. जुन्या आयरिश टायपात त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब असे. विसाव्या शतकात नेहमीचा रोमन टाइप रूढ झाला, टिंब गेलं आणि त्याच्या जागी ‘एच’ आला. तेव्हा तो एच नुक्त्यासारखा, म्हणजे उर्दू शब्दांतल्या ख, ज यांच्याखाली देतात त्या टिंबासारखा वाचा. बी-एच आणि एम-एच म्हणजे बहुधा व्ह किंवा व, सी-एच म्हणजे घशातून घासत येणारा ख. जी-एच आणि डी-एच शब्दाच्या मध्ये-शेवटी बऱ्याचदा विरूनच जातात. म्हणून ‘लुघ’ नाही, लू. ‘समहैन’ नाही, साउइन. आणि कथांमधली ती परी ‘निआम्ह’ नाही, नीव्ह.

कू खुलिनचं नाव तर मला फारच आवडतं. शेतान्ता नावाच्या पोराच्या हातून कुलन लोहाराचा राखणीचा कुत्रा मारला जातो. पोरगा म्हणतो, दुसरा कुत्रा तयार होईपर्यंत तुमची राखण मी करतो. तेव्हापासून तो कू खुलिन, म्हणजे ‘कुलनचा कुत्रा’. आता ‘कुलन’चं ‘खुलिन’ कसं झालं ते पाहा. आपण ‘घोडा’चं ‘घोड्याचा’ करताना शब्दाचं शेपूट बदलतो. आयरिश षष्ठीत इथे शेपूटही बदललं आणि तोंडही: क मऊ होऊन ख झाला. ‘चुलेन’ लिहिलं की लोहार पुसला जातो आणि नावातली गोष्टही जाते. शिवाय ‘कू’ आणि संस्कृत ‘श्वन्’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे शब्द आहेत.

कॉनाख्त या पश्चिम आयर्लंडातल्या राज्याच्या राणीचं नाव जुन्या लेखनात एम-ई-डी-बी असं सापडतं. तिथे एच नाहीच, तरी ‘मेदब’ वाचू नये. हल्लीचा उच्चार मेव्ह. अर्थ ‘धुंद करणारी’. मधापासून केलेल्या मद्याशी नातं सांगणारं हे नाव, म्हणजे आपल्या ‘मधु’चं भावंडच.

कोणी म्हणेल, देवनागरीत सगळे आयरिश उच्चार कुठे बसतात? नाही बसत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे असूनही आपण एकच अक्षर लिहितो. तरी वाचणाऱ्याच्या तोंडी जवळचा उच्चार यावा, इतपत काळजी लिहिणाऱ्याने घ्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

‘केल्टिक’मध्ये मात्र ‘क’च ठेवा, ग्रीकांनी केल्ट लोकांना ‘केल्तोइ’ म्हटलं होतं. ग्लासगोच्या फुटबॉल क्लबचं नाव मात्र सेल्टिक.

आणि हे नियम वेल्श, म्हणजे वेल्सच्या केल्टिक भाषेतल्या नावांना लावू नका. तिथे एकटा एफ म्हणजे व्ह, आणि जोड-डी म्हणजे जिभेचं टोक दातांना घासून येणारा मऊ द. फुलांपासून घडवलेली, नावातच ‘फुलांचा चेहरा’ असलेली वेल्श कथेतली स्त्री म्हणूनच ब्लोडेय्वेद, ‘ब्लोड्यूवेड’ नव्हे.