गरीब माणूस कर भरतो, पण ‘करदाता’ मात्र होत नाही

तुमचा प्रश्न असा आहे की सरकारच्या कर आणि खर्चाच्या धोरणामुळे गरीब-श्रीमंतातली दरी कमी होते की वाढते, आणि सामान्य माणसाच्या राजकीय ताकदीशी त्याचा काय संबंध. मी बेळगावात राहतो. शहापूर-वडगाव भागातल्या छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिणं आणि जीएसटीचे रिटर्न भरणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. टेबलावर जे कागद येतात त्यावरूनच सांगतो.

माझ्या मते पैशातली दरी योजनांमुळे थोडी बुजते, पण राजकीय वजनातली दरी वाढते. गरिबाकडून घेतलेला कर कुठेच दिसत नाही आणि त्याला योजनेतून दिलेले दोन हजार गावभर दिसतात. बड्यांच्या बाबतीत बरोबर उलटं.

वडगावात घरोघरी माग आहेत. माझ्याकडे येणाऱ्या एका विणकराचे चार पावरलूम. तो मागावर, बायको कांड्या भरते, साड्या खपतात कोल्हापूर-गडहिंग्लजच्या व्यापाऱ्यांकडे. वर्षाची उलाढाल दहा-बारा लाख. सूत, मजुरी, दुरुस्ती वजा जाता हातात उरतं ते एखाद्या मजुराच्या कमाईइतकंच. आता नियम बघा. कर्नाटकात माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या वर गेली तरच जीएसटी नोंदणी सक्तीची. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल, तर ही मर्यादा लागूच होत नाही. पहिल्या साडीपासून नोंदणी हवी. हुबळी-धारवाडला साड्या विकणारा शेजारी नोंदणीशिवाय चालतो आणि निपाणीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या कागलला विकणारा हा मुदतीमागून मुदतीला रिटर्न भरत बसतो. आमच्या भागाचा बाजार पिढ्यानपिढ्या कोल्हापूरकडे तोंड करून आहे. हद्द नंतर आली, पण कायदा हद्द बघतो.

गोष्ट इथंच संपत नाही. राज्य सरकारची गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला २००० रुपये. पण ती बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल, तर ती अपात्र. उलाढाल किती, हे कुणी विचारत नाही. त्या विणकराची बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आमी टॅक्सवाले झालो म्हणून सांगितले ओ भाऊ. टॅक्सवाल्याचं घर पावसाळ्यात गळतंय काय?” वर्षाचे २४ हजार गेले. माझ्या कागदात तिचा नवरा आणि शहरातला बंगलेवाला होलसेलर एकाच रकान्यात बसतात.

बरं, नोंदणी नसलेला शेजारी तरी सुटला का? त्यालाही सुतावरचा जीएसटी द्यावाच लागतो. कृत्रिम धाग्याच्या सुतावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५ आहे. नोंदणी नसल्यामुळे त्याला तो परत मिळत नाही, गपगुमान साडीच्या किमतीत मुरतो. त्याला विचाराल तर सांगेल, “मी कुठं टॅक्स भरतोय?” मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के देतो, संध्याकाळच्या क्वार्टरवर देतो, बाजारात येणाऱ्या भाजीच्या डिझेलवर देतो. कुणी पावती देत नाही, कुणी आभार मानत नाही. जून २०२४ मध्ये राज्यानं विक्रीकर वाढवला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल दोन्ही लिटरमागे साधारण ३ रुपयांनी चढलं. गृहलक्ष्मीसारख्या राज्य सरकारच्या पाच हमी योजना सुरू झाल्यावर वर्षभराच्या आतबाहेर. या योजनांना वर्षाला ५० हजार कोटींच्या वर खर्च येतो, आणि एकट्या दारूच्या शुल्कातून राज्याला ३० हजार कोटींच्या वर मिळतात. नवऱ्याच्या खिशातून जातं, बायकोच्या खात्यात थोडं येतं, असं कुणी कुजकटपणे म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही.

तरीही योजना वाईट म्हणणाऱ्यांतला मी नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. खानापूरकडून रताळी, भाजी घेऊन येणाऱ्या बायकांचं जाण्यायेण्याचं भाडं वाचतं, ते त्यांच्याच कनवटीला राहतं. पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, हसणाऱ्यांनी हसावं. पण त्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यात आमगाव, गवाळी, पास्तोलीसारखी गावं आहेत. तिथं पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून जंगलातून आणावं लागतं. फुकट तिकिटाचा उपयोग बस येते तिथंच. खात्यात पैसे टाकणं सरकारला सोपं, रस्ता-पूल-दवाखाना अवघड, आणि मतं पहिल्याला लवकर मिळतात.

दुसऱ्या टोकाला काय चालतं ते बघा. २० सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं एका अध्यादेशानं कंपन्यांचा आयकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला (सवलती सोडणाऱ्यांसाठी), नव्या कारखान्यांना १५. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला, हा सरकारनंच सांगितलेला आकडा. वारसाहक्कानं आलेल्या इस्टेटीवरचा कर १९८५ साली गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. यातल्या कुणाला ‘लाभार्थी’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. कुणाला रेशन कार्ड लिंक करायला रांगेत उभं राहावं लागलं नाही.

इकडे बेळगावात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की सुवर्णसौधजवळ, म्हणजे इथल्या विधानभवनाजवळ, तंबू पडतात. विणकर, ऊस उत्पादक, अंगणवाडीच्या बाया, अतिथी शिक्षक दिवसभर घोषणा देतात, एखादा मंत्री येऊन निवेदन घेतो, फोटो होतो. वर्षातले आठ-दहा दिवस हीच आमची पोहोच. आमच्या मराठी माणसाला त्यातही निवेदन कानडीत लिहून घेण्यासाठी कुणाचे तरी पाय धरावे लागतात. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं ४० लाख खर्चाची मुभा आहे. चार मागांचा मालक तिकीट मागायला जाईल का? आमच्या जिल्ह्यात साखर कारखाना, सहकारी बँक आणि आमदारकी एकाच घरात नांदताना दिसतात, ते काही उगाच नाही.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमागावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, तेव्हा बंगळूरहून विरोध झाला. दोन सरकारं भांडली, पेशंटला कुणी विचारलं नाही. जिथं कर भरतो तिथं आपलं बळ नाही आणि जे खर्च करू म्हणतात त्यांना आपलं मत नाही, अशी आमची गत.

योजना बंद कराव्यात का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. गृहलक्ष्मीच्या अटीत ‘जीएसटी रिटर्न भरणारा’च्या जागी उलाढालीची मर्यादा घातली, तरी माझे कितीतरी अशील पात्र होतील, हे बंगळूरच्या हातात आहे. राज्याबाहेर विकणाऱ्यावरची नोंदणीची सक्ती मात्र जीएसटी परिषदेनं काढायला हवी. सेवा देणाऱ्यांना ही सूट २०१७ सालीच मिळाली: २० लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यात काम केलं तरी नोंदणी नको. बेळगावात बसून पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिणारा पोरगा त्यात बसतो. कागलला साडी पाठवणारा अजून बसत नाही.