चिकटवू नकोस, बांध

अगं,

सिरॅमिक की फायबर, म्हणजे माती की दोर, काय ते एक ठरव असं ज्युरीतलं कुणीतरी म्हणालं आणि तू स्टुडिओत जायचीच बंद झालीस, हे वाचून जीव तुटला माझा. शिल्पकार मृणालिनी मुखर्जी बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन सरांकडे शिकल्या, वर्षानुवर्षं माग न वापरता हेम्पच्या, म्हणजे तागासारख्या वाखाच्या, दोऱ्यांना हाताने गाठी मारून माणसाएवढी शिल्पं उभी केली, मग नव्वदच्या दशकात मातीकडे वळल्या, पुढे ब्राँझ. न्यूयॉर्कला त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं २०१९ ला, त्या २०१५ लाच गेल्या होत्या. तेव्हा ज्युरीचं सोड.

मला राग आलाय तो तुझ्या फोटोंचा. मातीच्या कड्यात ताग घुसवून आतून अ‍ॅरल्डाइट भरलंयस ना? डाव्या बाजूला ओघळ दिसतोय. चिकटवू नकोस गं, बांध. ताग हवेतलं पाणी पितो, फुगतो, दोर आखडतो, उन्हाळ्यात परत सैल पडतो आणि भाजलेली माती मात्र तसूभर हलत नाही, मग दोघांना गोंदाने जखडलंस तर टवका मातीचाच उडणार. गाठीला थोडी ढील असते, ती सांभाळून घेते.

माझं एक मोठं काम एका हॉटेलच्या लॉबीत लागलं होतं. टांगायला सोपं जावं म्हणून त्यांच्या माणसाने मला न विचारता सगळ्या गाठींमध्ये गोंद ओतला. पावसाळ्यात कडा फुटल्या आणि वर मलाच ऐकवलं की बाई, तुमची माती कच्ची. ती माती स्टोनवेअर होती, १२०० अंशांच्या वर भाजलेली! तेव्हापासून गोंद लावणार असाल तर काम मिळणार नाही असं तोंडावर सांगते. कामं गेली, हेकट म्हणतात, म्हणू देत. माझी बाकीची कामं अजून लटकतायत.

आणि बांधायचं म्हणजे भट्टीनंतर विचार करायचा नाही. भोक लेदर हार्डलाच, म्हणजे माती अर्धवट सुकून चामड्यासारखी झालेली असतानाच, पाड आणि मोठं पाड, कारण १० मिलिमीटरचं भोक भाजून साधारण ९ चं होतं, त्यात ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, साचलं की दोर जातच नाही, मग तुम्ही लोक वैतागून गोंदाची ट्यूब उघडता. भोकाची कड ओल्या स्पंजने गोल कर, दोन्ही बाजूंनी, आतली पण, नाहीतर तीच कड भाजल्यावर पात्यासारखी दोर कापत बसते. काम उघड्यावर लावायचं असेल तर ताग नको, काथ्या घे. कोकणात हवा तेवढा मिळतो आणि पावसाला दाद देत नाही.

गाठ दिसते म्हणून लाज वाटते का तुला? मग ती लपवायला मागे ढकलू नकोस, समोर आण, जाड कर. चिकटवू नकोस.

हे चिकटवलेलं कडं टाकू नकोस, रविवारी घेऊन ये. आणि नवीन काम करशील त्याचा पुढून काढलेला फोटो मला पाठवू नकोस, जोडाचा पाठव, जवळून, फ्लॅश न लावता.