गुडघा दुखतोय, पण जानेवारीत पळायचंय

प्रश्न : मॅडम, नमस्कार. माझं वय ४९. अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, पूर्ण पाळी उभ्यानेच जाते. गेली काही वर्षं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळतो. मागच्या हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २ तास १४ मिनिटांत झाली. यंदा जानेवारीत मुंबईला २ तासांच्या आत यायचं ठरवून फी भरून बसलोय. पण दोन महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतो, जिना उतरताना जास्त. एक्स-रेमध्ये ‘ग्रेड दोन’ झीज आली. एका डॉक्टरांनी पळणं कायमचं बंद करायला सांगितलं, घरचेही तेच म्हणतात. वजन ८१ किलो. ग्रुपमधले काही जण लाँग रनच्या आधी पेनकिलर घेतात. मीही घेऊ का, की यंदा शर्यतच सोडून देऊ? – एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : दादा, शर्यत सोडू नका. दोन तास सोडा, निदान यंदापुरते.

आधी गोळीचं बोलते, कारण त्याचीच मला जास्त काळजी वाटते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी पेनकिलर गोळी घेऊन लांब पळणं धोक्याचं आहे. पळताना शरीर स्नायूंकडे रक्त वळवतं, मूत्रपिंडांना ते कमी मिळतं. घामाने पाणी गेलेलं असतं आणि ही गोळी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. पोटाला त्रास होतो तो वेगळाच. शिवाय ज्या दुखण्याने तुम्हाला बाराव्या किलोमीटरला थांबवलं असतं, ते दाबलं जातं आणि तुम्ही अठरापर्यंत ओढत नेता. ग्रुपमध्ये कोणीही कितीही आग्रह केला तरी पळण्याआधी गोळी घ्यायची नाही.

आता ‘ग्रेड दोन’. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. माझ्याकडे ग्रेड तीनचा रिपोर्ट पिशवीत घेऊन सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून आलेल्या आजी येतात, आणि ग्रेड एकवाले चाळिशीतले लोक खुर्चीतून उठताना कळवळतात. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, तसं आतलं वंगण तिच्यात मुरतं, त्यावर ती पोसली जाते. त्यामुळे गुडघा नुसता सांभाळून ठेवला की तो बरा होईल ही समजूत मला पटत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका आढाव्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. पण स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत ती १३.३ टक्के होती, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या दोन तासांकडे मी म्हणूनच बोट दाखवते. २ तास १४ मिनिटं म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २१ सेकंद. दोन तासांसाठी ५:४१ लागतो. दर किलोमीटरला चाळीस सेकंद कमी करायचे तर इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं) आणि टेम्पो (बराच वेळ एकसारख्या जोरात पळणं) आले, आणि अंतरही वाढवावं लागणार. दुखऱ्या गुडघ्यावर वेग आणि अंतर दोन्ही एकदम चढवले की तो सुजतो. माझ्या डाव्या गुडघ्यालाही झीज आहे आणि मी अजून पळते, म्हणून हे नुसतं पुस्तकातून सांगत नाहीये.

मग ध्येय कशाचं ठेवायचं? सकाळच्या जिन्याचं. घरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज सकाळी एक आकडा लिहा : जिना उतरताना किती दुखलं, शून्य ते दहा. पळताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा पळण्याच्या दिवशी सकाळी होता त्यापेक्षा वर गेला, तर आदल्या दिवशीचं पळणं गुडघ्याला जास्त झालं. पुढच्या वेळी अंतर कमी. आकडा दोन आठवडे खाली किंवा स्थिर राहिला तर थोडं वाढवा. डिसेंबरअखेर १६ किलोमीटर पळून दुसऱ्या सकाळी आकडा तीनच्या वर गेला नाही, तर मुंबई नक्की. वर गेला तर फी गेली असं समजा आणि त्या रविवारी ग्रुपला पाणी द्यायला उभे राहा.

व्यायामांमध्ये एकच नीट समजावून सांगते, कारण तो जवळजवळ सगळेच घाईत करतात. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उजव्या पायावर उभे राहा, एक हात कठड्याला. डावी टाच जमिनीकडे न्या, मनात चार मोजत. गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला पडू देऊ नका. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. टाच जमिनीला टेकली न टेकली की उजव्याच पायावर वर या. सुरुवातीला आठ वेळा, मग पाय बदला, असं तीनदा, एक दिवसाआड. आरशासमोर केलंत तर उत्तम. पायरी उंच वाटली तर लाकडी पाट घ्या. महिन्याने सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ टाका. मांडीचा पुढचा स्नायू आणि कमरेमागचे स्नायू यातून तयार होतात, आणि उतारावर गुडघ्याचा भार झेलणारे तेच आहेत. पोटऱ्यांसाठी एका पायावर टाच उचलणं जोडीला घ्या.

पळताना मिनिटाला पावलं किती पडतात ते एकदा मोजा. १६० असतील तर १६८ करून बघा, वेग तोच ठेवून. पावलं आखूड होतात आणि गुडघ्यावर दर पावलाला येणारा भार कमी होतो. वजनाचंही गणित आहे. जाडी आणि गुडघ्याची झीज असलेल्या लोकांवर झालेल्या २००५ सालच्या अभ्यासात वजन एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झालेला दिसला. चार किलो उतरवायला जानेवारीपर्यंत वेळ आहे. रविवारच्या पळण्यानंतरची मिसळ राहू द्या. जादा पाव आणि वरची जिलेबी तेवढी सोडा. रात्रपाळी करून आलात त्या सकाळी पळू नका, आधी झोपा.

मुंबईत पहिल्या किलोमीटरपासून चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. थकल्यावर चालणं आणि ठरवून चालणं यात गुडघ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. हाजीअली सोडल्यावर पेडर रोडचा चढ येतो, तो सरळ चालून काढा आणि पलीकडचा उतार आखूड पावलांनी उतरा. तिथे लोक वेळ भरून काढायला सुटतात आणि गुडघे तिथेच बोलायला लागतात. अडीच तास लागतील असं धरा, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद. दोन तासांचा विचार पुढच्या उन्हाळ्यात करू, कालनिर्णयची पानं सोबत घेऊन.

गुडघा मधेच अडकला, पाय एकदम लचकून सुटला, किंवा गुडघा गरम होऊन टम्म सुजला तर मात्र माझ्या उत्तरावर विसंबू नका, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : ताई, मी सिडकोत राहते, शाळेत शिक्षिका आहे, वय ४१. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून सायकलचं वेड लागलं. या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. पण दोन-अडीच महिने दोन्ही गुडघे आणि हाताची बोटं सकाळी आखडलेली असतात. खडू धरायला तासभर जावा लागतो. दुपारी बरं वाटतं. जास्त सायकल चालवल्याने असं होतं का? – एक वाचक, सिडको

उत्तर : नाही, सायकलमुळे दोन्ही हातांची बोटं तासभर आखडत नाहीत. झिजेची आखड साधारण अर्ध्या तासात सुटते. तुमची तशी दिसत नाही, त्यामुळे याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते रक्ताच्या काही तपासण्या सांगतील. आमवात (सांधे सुजवणारा संधिवात) असेल तर पहिल्या काही महिन्यांत सुरू झालेले उपचार सांधे वाचवतात. परीक्षा संपू देत, दिवाळी होऊ दे असं करू नका. मी हे कळकळीने लिहितेय.

बीआरएम रद्द करायला सांगत नाही. ती शर्यत नव्हेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात चहा-नाश्त्याचे थांबेही आले, आणि निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो. आमवात निघाला तरी औषधांनी सूज आटोक्यात आल्यावर सायकल चालवता येते, उलट चालवावी. फक्त यंदाच्या हिवाळ्याचा हट्ट नको, तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा.

तोवर सायकल बंद करू नका. पहाटे आखड असताना निघण्याऐवजी संध्याकाळी निघा, हलक्या गिअरवर, गंगापूर धरणाच्या दिशेने जमेल तेवढं. हँडलवर जाड टेप गुंडाळून घ्या, म्हणजे बोटांना घट्ट आवळावं लागणार नाही. आणि सॅडलची उंची तपासा : पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सॅडल खाली राहिली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर दर फेरीला नको तेवढा दाब येतो. रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, मग पहिल्या शंभर किलोमीटरची आखणी करू.