आईच्या पाठीचा एक्स-रे : मणका दबला आहे का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. कापूस वेचणीच्या दिवसांत गाठोडे उचलताना माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या पाठीत एकदम कळ आली. ती पडली मात्र नव्हती. समोरून काढलेल्या एक्स-रेच्या अहवालात ‘वयोमानाने झीज’ एवढेच लिहिले आहे. दुखणे अजून आहे. न पडता मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते. हाडे ठिसूळ झाली असतील तर वाकून वजन उचलणे एवढेही निमित्त पुरते. मणका अशा वेळी दुभंगत नाही, भाराखाली दबतो, आणि ते दबणे समोरच्या एक्स-रेत सहज निसटते. म्हणून छाती आणि कंबर या दोन्ही भागांतील मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढून घ्यावा. त्यात रेडिओलॉजिस्ट प्रत्येक मणक्याची पुढची, मधली व मागची उंची शेजारच्या मणक्यांशी ताडून पाहतात. १९९३ मध्ये रेडिओलॉजिस्ट हॅरी जेनंट यांनी मांडलेल्या आणि आजही वापरात असलेल्या पद्धतीनुसार उंची २० ते २५ टक्के घटली असल्यास फ्रॅक्चर सौम्य, ४० टक्क्यांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका विशेष बारकाईने पाहावा लागतो. सौम्य प्रकाराबाबत तज्ज्ञांतही मतभेद होतात, कारण रुग्ण जरा तिरपा झोपला तरी मणक्याची कड दुहेरी दिसते.

हाडातील खनिज बरेच घटल्याशिवाय एक्स-रेत विरळपणा जाणवत नाही, तेव्हा ‘हाड चांगले दिसते’ या शब्दांवर विसंबू नये. यवतमाळ-चंद्रपूरकडे तर पाण्यातील फ्लोराइडमुळे काहींची हाडे उलट दाट दिसतात. आई कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मणका दबलेला आढळला तरी तो ठिसूळपणामुळेच दबला, असे लगेच गृहीत धरू नये. ताप, घटणारे वजन किंवा रात्रीच्या वेदना असतील तर क्षय आणि कर्करोग यांची शक्यता तपासावी लागते. फ्रॅक्चर ताजे की जुने, हे एमआरआयवरून कळते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीसाठी बहुधा नागपूर गाठावे लागेल. परंतु ठिसूळपणामुळे मणका दबल्याचे नक्की झाले, तर केवळ त्या तपासणीसाठी औषधोपचार लांबवू नयेत, कारण दुसरा मणका दबण्याचा धोका पहिल्या वर्षातच मोठा असतो.

पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, अथवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. घरात आईचे छातीचे किंवा पाठीचे जुने एक्स-रे असतील तर तेही सोबत न्यावेत.