वाचकांचे प्रश्न : विहिरीतले गंबुसिया

प्रश्न : डासांसाठी आमच्या विहिरीत गंबुसिया मासे सोडल्यानंतर बेडूकमासे दिसेनासे झाले आणि पाणीही हिरवे पडू लागले. यांचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. मूळचा उत्तर अमेरिकेतील हा मासा १९२८ साली भारतात आणला गेला. दोन पेरांएवढा, वर वळलेल्या तोंडाचा हा मासा डासांच्या अळ्यांबरोबरच बेडकांची अंडी व पिल्ले, चतुरांच्या लहान अळ्या आणि एकपेशीय शैवाल गाळून खाणारे पाणपिसूंसारखे सूक्ष्म जीवही फस्त करतो. हे खाणारेच उरले नाहीत, की शैवाल माजते आणि पाणी हिरवे दिसते. गंमत अशी, की चतुरांच्या अळ्या स्वतःच डासांच्या अळ्या खातात. शैवाल खतानेही माजते, म्हणून खताचे पाणी विहिरीत झिरपते का, तेही तपासावे. मात्र विहिरीतून काढलेच, तर हे मासे ओढ्यात मुळीच सोडू नयेत.