अर्ज भरण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

१७ जानेवारीला शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील सरांच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात तू बोलणार आहेस आणि यंदा ग्रामपंचायतीचा अर्जही भरायचं तुझ्या मनात आहे, हे तुझ्या आईनं परवा बाजारात सांगितलं. "सर, तुम्हीच काहीतरी सांगा तिला," म्हणाली. तिची काळजी मला कळते. तू कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेस. मानधन सहा-सहा महिने हातात पडत नाही, आणि त्यात आता निवडणूक. पोरीनं एक काहीतरी धड करावं, असं तिला वाटतं. शिकवायचं तर शिकवावं, राजकारण करायचं तर ते करावं.

मला तसं वाटत नाही. तिला ते बाजारातल्या गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

भाषणाच्या तयारीसाठी तू सरांची माहिती काढली असशीलच, पण त्यातल्या सालांचा क्रम एकदा नीट बघ. १५ जुलै १९२९ ला आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ढवळीत, शेतकऱ्याच्या घरात जन्म. १९४८ ला, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, शेतकरी कामगार पक्षात. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक झाले ते १९५४ ला. म्हणजे लाल बावटा आधी हातात आला आणि खडू नंतर. 'प्राध्यापकी सोडून राजकारणात उतरले' असं वाक्य श्रद्धांजलीच्या भाषणांत नेहमी येतं. तू ते म्हणू नकोस. त्यांनी एक सोडून दुसरं कधी धरलंच नाही. १९५७ ला मुंबईत गिरणी कामगार युनियनचं काम केलं, १९६० ला परत येऊन इस्लामपूरच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी विधान परिषदेत गेले.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सर आमदार झाले १९६० ला आणि एलएल. बी. झाले १९६२ ला. आमदार झाल्यावर माणूस परीक्षा पास झाला! अर्थशास्त्रातलं एम. ए. आधीच होतं, मान होता, पद होतं. पण सभागृहात जे कायदे होतात ते मुळातून समजायला हवेत असं वाटल्याशिवाय कुणी त्या वयात पुन्हा विद्यार्थी होत नाही. तुझ्या भाषणात दुसरं काही आलं नाही तरी चालेल, हे मात्र यायला हवं.

साताऱ्यात ते नुसतं शिकवत नव्हते, 'कमवा व शिका' योजनेच्या मुलांचे रेक्टर होते. तू आज ज्या कॉलेजात शिकवतेस तिथं या योजनेत मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात टायपिंग करतात. तेव्हाची मुलं शेतात आणि बांधकामावर राबत होती, टिकाव-फावडं हातात घेऊन, आणि त्याच हातानं मग वही धरत होती. कर्मवीर अण्णांनी १९४७ ला ते कॉलेज काढलं तेच मुळी अशा मुलांसाठी. ज्याच्या घरून मनिऑर्डर येत नाही त्या पोराच्या सोबत राहून शिकवलेलं असलं की पुढं सभेत समोर बसलेल्या माणसाला आपण काय सांगतोय याची जाणीव कायम राहते. सरांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत होती. आवाज मोठा, मुद्दा टोकदार, पण तो शेवटच्या रांगेतल्या माणसाला समजेपर्यंत ते पुढच्या मुद्द्याकडे जात नसत. तीन दशकं मी त्यांची भाषणं ऐकली, बहुतेक वेळा मागं उभा राहूनच.

आता रायगडचं सांगतो, कारण तुझ्या पिढीला ते फारसं माहीत नाही. २००५ ला सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राचा, कायदा झाला आणि पेण, उरण, पनवेलकडच्या भातशेतीवर महामुंबई सेझ येणार असं ठरलं. समोर देशातला एक बलाढ्य उद्योगसमूह. गावोगाव भूसंपादनाच्या नोटिसा आल्या. सर त्या लढ्याच्या पुढं होते, आणि लढ्याचा मोठा भाग होता समजावून सांगण्याचा. नोटीस कुठल्या कलमाखाली आलीय, हरकत किती दिवसांत घ्यायची, मोबदला घेतला की हक्काचं काय होतं, हे ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला स्वतःला सांगता आलं पाहिजे. तसं झालं, म्हणून पुढची गोष्ट घडू शकली. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यानं मतदान करायचं, असं आपल्याकडे कधी ऐकलं नव्हतं. कौल सेझच्या विरोधात गेला. जुन्या भूसंपादन कायद्यात घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर कारवाई बाद होते, तीही मुदत निघून गेली. जमीन वाचली. सर तेव्हा ७९ वर्षांचे होते.

यात घोषणा आणि मोर्चे होतेच. पण त्याआधी अंगणात, देवळात, शाळेच्या व्हरांड्यात कागद उलगडून बसलेली माणसं होती. तू वर्गात जे करतेस त्याहून हे वेगळं आहे का, तूच सांग.

कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात मी स्वतः चाललोय. शहरातल्या रस्त्यांवरून जायला शहरातल्याच माणसानं पैसे मोजायचे, हे पटण्यासारखं नव्हतं. आमच्या नात्यातले एक जण रोज दूध घेऊन शहरात जायचे, त्यांनी मला वहीत हिशेब करून दाखवला होता, महिन्याला टोल किती आणि दुधातून सुटतात किती. त्या लढ्यात सर होते, कॉम्रेड गोविंद पानसरे होते, सगळ्या पक्षांची माणसं होती. वयाच्या चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीव्या वर्षी सर रस्त्यावर. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, २० तारखेला ते गेले. त्याआधी दीड वर्षच झालं होतं डॉ. दाभोलकरांना जाऊन. सर दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष, म्हणजे दोन्ही माणसं त्यांच्या जवळची. त्या दिवसांत आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की आता सरांनी घरी बसावं. ते बसले नाहीत. वर्ष सरता सरता टोल रद्द झाल्याची घोषणा झाली.

तुझ्या आईची खरी भीती मला वाटतं वेगळीच आहे. समोरच्या पॅनेलमध्ये तुझा चुलता आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत म्हणजे भावकी, आणि भावकीतलं वैर दोन पिढ्या पुरतं. शेताच्या बांधावरून सुरू होतं आणि लग्नातल्या पंगतीपर्यंत जातं. इथं सरांचं घर डोळ्यांसमोर आण. सरांच्या पत्नी सरोजमाई या शरद पवारांच्या भगिनी. १९७८ च्या पुलोदच्या, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात पवार मुख्यमंत्री आणि सर सहकारमंत्री. जेमतेम दीड वर्षाचा काळ, पण एका टेबलाला बसून काम केलेलं. पुढं दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन कंपनीशी करार झाला तेव्हा पवार मुख्यमंत्री, आणि त्या प्रकल्पाच्या विरोधात सर उभे. सेझच्या वेळीही सत्तेत पवारांचा पक्ष. विरोध करताना त्यांनी शब्द मऊ केले नाहीत आणि नातंही तोडलं नाही. भाऊबीज आपल्या जागी, मोर्चा आपल्या जागी. हे बोलायला सोपं आहे, जगायला फार कठीण, आणि त्याचा बराच भार माईंनी पेलला असेल असं मला नेहमी वाटतं. तू चुलत्याच्या घरी अर्ज भरण्याआधी जा. चहा घे, पाया पड, आणि का उभी राहतेयस ते सांगून ये. पॅनेल काही झालं तरी पाडायचंच म्हणून उभी राहणार असशील, तर मात्र राहू नकोस.

माझी एक चूक सांगतो. चाळिशीच्या आत होतो. गावात नळपाणी योजना झाली, पैसे खर्च झाले आणि आमच्या वस्तीत पाणी आलं नाही. ग्रामसभेत मी उठलो आणि पाचेक मिनिटं तावातावानं बोललो. टाळ्या पडल्या. मग ग्रामसेवकानं शांतपणे विचारलं, "गुरुजी, कुठल्या ठरावाबद्दल बोलताय? तारीख सांगा." माझ्याकडं तारीख नव्हती. प्रोसिडिंग, म्हणजे ठरावांची वही, मी कधी उघडलंच नव्हतं. विषय तिथंच संपला आणि आमच्या वस्तीतल्या बायका पुढची दोन वर्षं विहिरीवरून घागरी वाहत राहिल्या. माझं म्हणणं खरं होतं, तरी मला ते सिद्ध करता आलं नाही. त्या घागरी मला आजही दिसतात.

म्हणून तुला सांगतो, पोस्टर छापायच्या आधी कागद गोळा कर. गेल्या तीन वर्षांचं ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक माग. दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाक, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी किती आला, त्यातला बंधित किती, अबंधित किती, आणि बंधित पैसा पाणी आणि स्वच्छतेवरच गेला का, बघ. नमुना आठला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, कुणाची घरं लागलीत आणि कुणाची वर्षानुवर्षं लागलीच नाहीत, ते वस्तीवस्तीत फिरून ताडून बघ. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी ती पुरते. शंभर माणसं आणणं तुला जड नाही, तुझे विद्यार्थी आणि त्यांच्या आयाच तेवढ्या भरतील. बायकांना सभेत पुढं बसव, मागं दाराशी नको.

आणि वर्ग सोडू नकोस. सर १९९० पासून २००८ पर्यंत कर्मवीर अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते, त्याच काळात पक्षाचे सरचिटणीसही होते, आणि शिक्षणाच्या बाजारीकरणाविरुद्ध त्यांचं बोलणं सतत चालूच होतं. त्यांना दिवस आपल्यासारखाच चोवीस तासांचा होता.

हरण्याचंही बोलायला हवं. बेळगाव आणि सीमाभागासाठी सर शेवटपर्यंत झटले. महाराष्ट्रानं २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा केला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत निकाली निघाला नाही. ज्या पक्षात एकोणिसाव्या वर्षी गेले तो पक्ष त्यांच्यासमोर लहान होत गेला. १७ जानेवारी २०२२ ला कोल्हापुरात ते गेले, तोवर त्यांनी पक्ष बदलला नव्हता. तू पडलीस तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या तासाला वर्गात जा. निवडून आलीस तरीही जा.

अंदाजपत्रकाची प्रत मिळाली की रविवारी सकाळी घेऊन ये. जेवायलाच थांब, काकूनं तसं सांगितलंय. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय आणि त्या प्रतींवरची अक्षरं फार पुसट असतात. तेव्हा वाचायचं तू, मी ऐकेन, आणि जिथं आकडा जुळणार नाही तिथं आपण पेन्सिलीनं खूण करू.

तुझा,
सर